दारावरचा दिवा: अमेरिकी ‘स्लॅशर’ भयपटांचे बळ आणि उणेपण

१/
रात्रीची वेळ. अमेरिकेतल्या एका शांत उपनगरात सतरा वर्षांची एक जखमी मुलगी शेजारच्या घराचे दार बडवते आहे, मदतीसाठी किंचाळते आहे. दारावरचा दिवा लागतो. खिडकीच्या पट्ट्या किलकिल्या होतात, आतून कुणीतरी पाहते. मग पट्ट्या मिटतात आणि दिवा विझतो. १९७८ च्या ‘हॅलोवीन’ या चित्रपटातले हे दृश्य काही क्षणांचेच आहे. पण एका संपूर्ण चित्रप्रकाराचे मर्म त्यात सापडते.
#थ्रेड #इतिहास #सिनेमा

२/
‘स्लॅशर’ हा भयपटाचा एक उपप्रकार. बहुधा मुखवटा घातलेला एक मारेकरी सुरा, कुऱ्हाड किंवा तसलेच धारदार हत्यार घेऊन तरुण मुलामुलींना एकेक करून गाठतो. स्थळ म्हणजे वसतिगृह, शाळा, उन्हाळी शिबिर किंवा आईवडील बाहेर गेलेले घर. अखेरीस बहुतेकदा एकच मुलगी उरते आणि ती त्याला तोंड देते. समीक्षकांनी या चित्रपटांना दीर्घकाळ कचरा म्हटले, तरुण प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती. (पुढे अनेक चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत.)

३/
या धाग्याचे सूत्र थोडक्यात असे. घरातल्या मोठ्यांनी तरुणांच्या ज्या भीतीकडे पाठ फिरवली, तिच्यावर या चित्रपटांनी विश्वास ठेवला. हे त्यांचे बळ. मात्र ज्यांचे मरण पडद्यावर दाखवले, त्यांच्यासाठी शोक करायला हेच चित्रपट वारंवार विसरले. हे त्यांचे उणेपण. या दोन्ही गोष्टी एकमेकींत कशा गुंतत गेल्या, हे कालक्रमाने पाहू या.

४/
आरंभ १९६० पासून. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’मध्ये नायिका वाटणारी स्त्री चित्रपट निम्म्यावर येण्याआधीच न्हाणीघरात मारली जाते. मूळ कादंबरी रॉबर्ट ब्लॉक यांची, १९५९ ची. तिच्या पाठीशी विस्कॉन्सिन राज्यातल्या एड गीन या गुन्हेगाराच्या १९५७ मधील अटकेची पार्श्वभूमी होती. तोवर पडद्यावरचे भय किल्ल्यांतून, थडग्यांतून, परदेशी सरदारांच्या रूपाने येत असे. ‘सायको’ने ते महामार्गालगतच्या साध्या मोटेलमध्ये, लाजऱ्याबुजऱ्या तरुणाच्या चेहऱ्याआड आणून ठेवले.

५/
दुसरा झरा इटलीतला. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ पासून रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात काढल्या, म्हणून तिकडे रहस्यकथेलाच ‘जाल्लो’, म्हणजे पिवळी, हे नाव पडले. या परंपरेतल्या चित्रपटांत हातमोजे घातलेला अज्ञात मारेकरी आणि चित्रासारखे रचलेले खून असत. मारिओ बावा यांच्या १९७१ च्या ‘अ बे ऑफ ब्लड’मध्ये तळ्याकाठी मौजमजेला आलेली तरुण मंडळी एकेक करून मारली जातात. पुढच्या दशकातल्या अमेरिकी शिबिरपटांचा आराखडा त्यात जवळजवळ तयारच आहे.

६/
तिसरे कारण कायद्याचे आणि बाजाराचे. १९३० च्या दशकापासून अमेरिकी चित्रपटांना बांधून ठेवणारी नीतिसंहिता अखेर मोडीत निघाली आणि १ नोव्हेंबर १९६८ पासून वयानुसार वर्गीकरण लागू झाले. ‘आर’ श्रेणीच्या चित्रपटाला ठरावीक वयाखालील मुलांना पालकांसोबतच प्रवेश, असा नियम झाला. १९७० पासून ही मर्यादा १७ वर्षांची होती. नियम कागदावर कडक असला तरी ज्यांना त्याने अडवायचे, तीच मुले या चित्रपटांची हक्काची गिऱ्हाइके ठरली.

७/
१९७४ मध्ये कॅनडात बॉब क्लार्क यांचा ‘ब्लॅक ख्रिसमस’ आला. मुलींच्या वसतिगृहात अश्लील, विकृत दूरध्वनी येत राहतात. मुली तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जातात, तर तिथला हवालदार ती हसण्यावारी नेतो. फोन घरातूनच येत आहेत, हे कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. नायिका जेस गरोदर आहे आणि गर्भपाताच्या निर्णयावर ठाम आहे. पुढे ‘शेवटी उरणारी मुलगी निष्पाप कुमारिकाच असते’ असा जो नियम सांगितला गेला, तो या आरंभीच्याच चित्रपटाला लागू होत नाही.

८/
याच चित्रपटात क्लेअर नावाची मुलगी सर्वांत आधी मरते. तिला सुट्टीसाठी घरी न्यायला आलेले तिचे वडील सबंध चित्रपटभर तिला शोधत फिरतात. क्लेअरचा मृतदेह त्याच घराच्या माळ्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत आहे. चित्रपट संपतो तरी तो कुणालाच सापडत नाही. एका मृत्यूमागे एक वाट पाहणारा माणूस असतो, हे ‘ब्लॅक ख्रिसमस’ विसरत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढच्या दहा वर्षांत तीच आधी हरवली.

९/
१९७८. जॉन कारपेंटर यांनी दिग्दर्शन आणि संगीत सांभाळले, डेब्रा हिल यांनी निर्मिती केली, पटकथा दोघांनी मिळून लिहिली. खर्च सुमारे तीन लाख डॉलर. कथा इलिनॉय राज्यातल्या काल्पनिक हॅडनफील्ड गावची, ऑक्टोबर महिन्यातली. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात, वसंत ऋतूत. म्हणून पानगळीची पाने रंगवून रस्त्यावर पसरायची आणि दृश्य झाले की पुन्हा गोळा करायची, असा उद्योग चालला. मारेकऱ्याचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारू मुखवटा, पांढरा रंगवलेला. नायिका लॉरी झाली जेमी ली कर्टिस. ‘सायको’तल्या जॅनेट ली यांची ही मुलगी.

१०/
चणचणीतून शैली जन्मली. आरंभीचे लांबलचक दृश्य आपण मुखवट्याच्या दोन भोकांतून पाहतो. १९६३ मधल्या हॅलोवीनच्या रात्री कुणीतरी घरात शिरते आणि एका तरुणीला भोसकते. मुखवटा उतरतो तेव्हा दिसतो तिचाच सहा वर्षांचा भाऊ. प्रेक्षकाला खुन्याच्या डोळ्यांत बसवून मग त्याला लाजवणारी ही युक्ती आहे. संगीत पाच मात्रांच्या चालीचे, त्यामुळे सवयीच्या चार मात्रांना सरावलेल्या कानाला कुठे टेकताच येत नाही. रक्त फारसे दिसत नाही. चित्रपटाचा बराचसा वेळ निव्वळ पाहण्यात आणि पाहिले जाण्यात जातो.

११/
लॉरीला तो दिवसाढवळ्या दिसतो: वर्गाच्या खिडकीतून, कुंपणाआडून, वाळत घातलेल्या कपड्यांमागून. मैत्रिणी तिची थट्टा करतात. रात्री ती एका घरी लहान मुलाला सांभाळायला जाते. तो मुलगा बाहेर ‘बागुलबुवा’ दिसल्याचे सांगतो, तेव्हा तीही त्याची समजूत काढते. भीतीवर विश्वास न ठेवण्याची ही साखळी अखेर शेजाऱ्याच्या विझलेल्या दिव्यापाशी पोहोचते. सुरक्षित म्हणून जे उपनगर आईवडिलांनी निवडले, तिथे संकटात सापडलेल्या मुलीला एकही दार उघडत नाही. ‘हॅलोवीन’चे खरे भय इथे आहे.

१२/
चित्रपटाने एकट्या अमेरिकेत सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर कमावले. तीन लाखांच्या गुंतवणुकीवर ही कमाई पाहून इतर निर्माते जागे झाले नसते तरच नवल. शॉन कनिंगहॅम यांनी तर पटकथा पूर्ण होण्याआधीच ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या नावाची जाहिरात देऊन टाकली. मे १९८० मध्ये तो प्रदर्शित झाला. खर्च साडेपाच लाख डॉलरच्या आसपास, अमेरिकेतली कमाई जवळजवळ चार कोटी. महत्त्वाचे म्हणजे वितरक होती पॅरामाउंट. आडवळणाच्या चित्रगृहांतला माल आता मोठ्या कंपनीच्या छापाने देशभर पोहोचला.

१३/
या चित्रपटाचे रहस्य आज अनेकांना ठाऊक नसते. पहिल्या भागातला मारेकरी जेसन नव्हे, त्याची आई आहे. शिबिरातल्या तरुण स्वयंसेवकांचे लक्ष नसताना तिचा मुलगा १९५७ मध्ये तळ्यात बुडाला. शिबिर पुन्हा सुरू होते तेव्हा ती सूड घेते. म्हणजे या चित्रपटात मेलेल्या मुलासाठी मनापासून रडणारी एकच व्यक्ती आहे आणि तीच खुनी आहे. बाकीच्या मृतांसाठी रडायला कुणी नाही. टॉम सॅव्हिनी यांच्या थक्क करणाऱ्या कृत्रिम जखमा मात्र प्रत्येकाच्या वाट्याला आल्या.

१४/
आणि मग लाट उसळली. ‘प्रॉम नाइट’, ‘टेरर ट्रेन’, ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’, ‘हॅपी बर्थडे टू मी’, ‘द बर्निंग’, ‘ग्रॅज्युएशन डे’: हे सगळे १९८० आणि १९८१ या दोन वर्षांतले. पंचांग उघडावे, एखादा सण किंवा समारंभ निवडावा आणि त्याला एक खुनी जोडावा, अशी रीत पडली. यांतले पहिले चार कॅनडातले होते. चित्रपटातील गुंतवणुकीवर तिथे मिळणारी मोठी करसवलत हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते.

१५/
‘फ्रायडे द थर्टीन्थ’चे १९८० ते १९८९ या काळात आठ भाग निघाले. बर्फावरच्या हॉकीचा तो प्रसिद्ध मुखवटा तिसऱ्या भागात, १९८२ मध्ये आला. आणि एक मोठा पालट झाला. मरणारी मुले दर भागात नवी, मारेकरी मात्र तोच. ओळखीचा चेहरा म्हणाल तर त्याचाच. साहजिकच चित्रगृहातल्या टाळ्या त्याला पडू लागल्या. ‘कोण वाचेल?’ हा प्रश्न मागे पडून ‘या वेळी कसे मारणार?’ हे कुतूहल उरले. ‘हॅलोवीन’ने प्रेक्षकाला खुन्याच्या डोळ्यांत बसवून लाजवले होते. आता प्रेक्षक तिथे मजेत बसू लागला.

१६/
विरोधही तीव्र झाला. शिकागोचे समीक्षक जीन सिस्केल यांनी ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या परीक्षणात त्याचा शेवट मुद्दाम फोडला. पॅरामाउंटच्या मालक कंपनीच्या अध्यक्षांचा पत्ताही छापला, म्हणजे वाचकांना निषेधाची पत्रे पाठवता यावीत. त्याच वर्षी त्यांनी आणि रॉजर इबर्ट यांनी दूरचित्रवाणीवरचा एक संपूर्ण कार्यक्रम या चित्रपटांवर टीका करण्यासाठी दिला. स्त्रियांना केवळ भक्ष्य म्हणून दाखवणे आणि कॅमेरा खुन्याच्या जागी ठेवणे, हे त्यांचे मुख्य आक्षेप. तरीही ‘हॅलोवीन’ला दोघांनी वेगळे काढून त्याची प्रशंसा केली, हे विसरू नये.

१७/
मग कात्री चालली. कॅनडातल्या खाणकामगारांच्या गावात घडणाऱ्या ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’मधले खुनाचे प्रसंग इतके कापले गेले की त्यांतला बराच भाग पाहायला २००९ उजाडावे लागले. ब्रिटनमध्ये प्रमाणपत्राविना मिळणाऱ्या व्हिडिओ कॅसेटींवरून गदारोळ उठला, दुकानांवर पोलिसांचे छापे पडले आणि १९८४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याच वर्षी अमेरिकेत सांताक्लॉजच्या वेशातला खुनी दाखवणाऱ्या ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’विरुद्ध पालक रस्त्यावर उतरले आणि वितरकाने तो मागे घेतला. नाताळबाबाच्या अब्रूसाठी जेवढी माणसे जमली, तेवढी पडद्यावर मेलेल्या मुलींसाठी कधी जमली नव्हती.

१८/
आता सर्वांत गाजलेला आरोप: ‘जी मुलगी शरीरसंबंध ठेवते ती मरते, जी ठेवत नाही ती वाचते.’ कारपेंटर यांनी आपल्या चित्रपटापुरता हा हेतू नाकारला. पण आकडे काय सांगतात? १९९० च्या एका अभ्यासात ५६ स्लॅशर चित्रपटांतले ४७४ बळी तपासले गेले. मारले जाण्याच्या प्रमाणात स्त्रीपुरुष सारखेच निघाले. मात्र मेलेल्या स्त्रिया वाचलेल्यांपेक्षा अधिक वेळा लैंगिक रूपात दाखवलेल्या होत्या. १९९३ च्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले की भेदरलेल्या अवस्थेत स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त वेळ पडद्यावर ठेवले जाते. म्हणजे फरक मरणाच्या संख्येत नव्हता. स्त्रीच्या भीतीकडे किती वेळ टक लावून पाहायचे, यात तो होता.

१९/
बाजू पालटणारा युक्तिवाद आला तो अनपेक्षित ठिकाणाहून. कॅरल क्लोव्हर या मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन साहित्याच्या, आइसलँडच्या सागांच्या अभ्यासक. १९८७ च्या निबंधात आणि १९९२ च्या ग्रंथात त्यांनी ‘फायनल गर्ल’, म्हणजे शेवटी उरलेली मुलगी, ही संज्ञा रूढ केली. त्यांचे निरीक्षण असे: कॅमेरा सुरुवातीला खुन्याबरोबर असतो हे खरे, पण उत्तरार्धात तो मुलीकडे येतो. प्रेक्षकांत बहुसंख्य असलेले तरुण मुलगे अखेर एका घाबरलेल्या, पण लढणाऱ्या मुलीच्या जागी स्वतःला पाहतात. त्या काळच्या मुख्य प्रवाहातल्या किती चित्रपटांनी हे केले होते?

२०/
या युक्तिवादाला मर्यादा आहेतच. एक मुलगी वाचावी म्हणून तिच्या चार मैत्रिणी ‘कमी शहाण्या’ ठरवायच्या, ही तडजोड त्यात आहे. लेखणी आणि कॅमेरा स्त्रियांच्या हाती आला तरी धंद्याचे दडपण सुटत नव्हते. १९८२ चा ‘द स्लम्बर पार्टी मॅसकर’ स्त्रीवादी लेखिका रीटा मे ब्राउन यांनी या प्रकाराचे विडंबन म्हणून लिहिला आणि एमी होल्डन जोन्स यांनी दिग्दर्शित केला. पडद्यावर तो मात्र गंभीर स्लॅशर होऊन आला. विडंबनाच्या खुणा अधूनमधून डोकावतात. बाजाराला हवी ती नग्नताही आहेच.

२१/
या गर्दीत १९८४ मध्ये वेस क्रेव्हन यांचा ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ आला. त्याचे बीज बातम्यांत होते. आग्नेय आशियातल्या युद्धांतून सुटून अमेरिकेत आलेल्या निर्वासितांपैकी काही धडधाकट तरुण झोपेतच दगावत होते आणि डॉक्टरांना कारण सापडत नव्हते. क्रेव्हन यांनी त्या बातम्यांतून एक कल्पना उचलली: झोप लागली की मारणारा शत्रू. चित्रपटातली मुले मात्र गोऱ्या उपनगरातली. ज्यांच्या मरणातून कल्पना सुचली, त्या निर्वासितांचा पडद्यावर मागमूस नाही.

२२/
तरीही आईबाप आणि मुले यांच्यातल्या अविश्वासाचा इतका थेट पट या प्रकारात दुसरा नाही. एल्म स्ट्रीटच्या पालकांनी कायद्याच्या पळवाटेतून सुटलेल्या फ्रेडी क्रूगर या बालहत्याऱ्याला एकत्र येऊन जाळले आणि ते मुलांपासून लपवले. सूड आता मुलांवर उगवतो आहे. नॅन्सी खरे सांगते, तर आई तिला झोपायला लावते, खिडक्यांना गज बसवते. वडील पोलीस अधिकारी, रस्त्यापलीकडेच उभे. नेमक्या वेळी येऊन दार तोडा, असे तिने आधीच बजावलेले असते. गजांआडून ती हाका मारते, पण मदतीला विलंब होतो. ‘हॅलोवीन’मधला विझलेला दिवा इथे तिच्या स्वतःच्या घरात आला आहे.

२३/
आणि पुन्हा तेच घडले. पुढच्या भागांत फ्रेडी विनोद करू लागला. त्याची खेळणी निघाली, १९८८ मध्ये त्याच्या नावाची दूरचित्रवाणी मालिका आली. न्यू लाइन या छोट्या कंपनीला त्याने इतके वर आणले की तिला ‘फ्रेडीने बांधलेले घर’ म्हटले जाई. लहान मुलांना मारणारा माणूस लहान मुलांच्या खेळण्यांच्या कपाटात जाऊन बसला. त्याने मारलेल्या मुलांची नावे सांगा, असे चाहत्यांना विचारले तर किती जणांना उत्तर देता येईल?

२४/
आणखी दोन उणिवा नोंदवायला हव्यात. पहिली वर्णाची. हे जग प्रामुख्याने गोऱ्यांचे. कृष्णवर्णीय पात्र आलेच तर ते लवकर मरायचे. १९९७ च्या ‘स्क्रीम २’च्या आरंभी एक कृष्णवर्णीय तरुणी नेमकी हीच तक्रार करते आणि काही मिनिटांत ती व तिचा मित्र दोघेही मारले जातात. तक्रार ऐकून तीच चूक पुन्हा करण्याचा हा प्रकार. दुसरी उणीव मनोरुग्णांबाबतची. मनोरुग्णालयातून सुटलेला माणूस म्हणजे खुनी, हे समीकरण अशा काळात पक्के झाले, जेव्हा अमेरिकेतली मोठी मनोरुग्णालये रिकामी होत होती आणि या रुग्णांना समाजात जागा हवी होती.

२५/
हे लोण आपल्याकडेही आले. रामसे बंधूंच्या ‘महाकाल’मधला पात्यांचा हातमोजा थेट एल्म स्ट्रीटवरून आला. खुनी बाहुल्याचा अमेरिकी चित्रपट ‘चाइल्ड्स प्ले’ १९८८ चा. त्यातल्या कल्पनेवर महेश कोठारे यांनी १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ रचला आणि रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यातून तात्या विंचू घराघरांत पोहोचला. तिकडे लहानग्या अँडीवर कुणी विश्वास ठेवत नाही. इकडे बाहुला जिवंत आहे, हे लक्ष्याचे म्हणणे कुणाला पटत नाही. मराठीत भयाला हसण्याची जोड मिळाली, पण ‘माझे कुणी ऐकत नाही’ ही मूळ कळ तशीच राहिली.

२६/
दशक संपता संपता लाट ओसरली. ती पुन्हा उठवली २० डिसेंबर १९९६ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘स्क्रीम’ने. लेखक केव्हिन विल्यमसन, दिग्दर्शक पुन्हा वेस क्रेव्हन. १९९० मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल शहरात पाच विद्यार्थ्यांचे खून झाले होते. त्यांवरचा दूरचित्रवाणी कार्यक्रम पाहून विल्यमसन यांना कथा सुचली. यातल्या मुलांनी स्लॅशर चित्रपट पाहिलेले आहेत, त्यांचे नियम त्यांना तोंडपाठ आहेत. अमेरिकेतच दहा कोटी डॉलरहून अधिक कमाई झाली आणि मेलेला प्रकार उठून बसला.

२७/
‘स्क्रीम’च्या चतुराईची चर्चा खूप होते, पण त्याचे मोठेपण दुसरीकडे आहे. पहिल्या पंधरा मिनिटांत ड्रू बॅरीमोर मरते, तेव्हा तिचे आईवडील काही पावलांवर आलेले असतात. घसा जखमी असल्याने तिला हाक मारता येत नाही. आई फोन उचलते आणि मुलीचे अखेरचे श्वास ऐकते. नायिका सिडनी वर्षभर आपल्या खून झालेल्या आईचा शोक वाहते आहे. इतर मुले मुखवटे घालून शाळेत धावतात, मुख्याध्यापकांच्या मृत्यूची बातमी येताच प्रेत पाहायला गाड्या काढतात. इतक्या वर्षांनी या प्रकाराने स्वतःलाच विचारले: आपण रडायला कधी विसरलो?

२८/
मात्र पडद्यामागची हकिकत वेगळी आहे. ‘स्क्रीम’चे चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा येथील शाळेत व्हायचे होते. शेजारच्या पेटालुमा गावातून १९९३ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीला तिच्या घरातून पळवून तिचा खून करण्यात आला होता आणि १९९६ मध्ये त्याच खटल्याने तो परिसर ढवळून निघाला होता. शाळा मंडळाने परवानगी नाकारली. चित्रपटाच्या अखेरीस श्रेयनामावलीत त्या मंडळाचे ‘अजिबात आभार नाहीत’ अशा आशयाची ओळ झळकली. शोकाला पडद्यावर जागा देणाऱ्या चित्रपटाला शेजारच्या गावातला खरा शोक म्हणजे निव्वळ अडथळा वाटला.

२९/
आणखी एक हकिकत याहून जिव्हारी लागणारी. लॉइस डंकन यांनी १९७३ मध्ये किशोरांसाठी ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ ही कादंबरी लिहिली. चार मुलांच्या गाडीखाली एक लहान मुलगा येतो आणि ती ते लपवतात. अपराधीपणाची ती कथा होती, त्या चौघांपैकी कुणी मरत नाही. १९८९ मध्ये डंकन यांच्या अठरा वर्षांच्या मुलीची गोळ्या घालून हत्या झाली. १९९७ मध्ये त्याच कादंबरीवरचा चित्रपट आला, तोवर कथेत आकडा घेतलेला मारेकरी घुसलेला होता. हिंदीतला ‘कुछ तो है’ (२००३) हा त्याच चित्रपटाचा नातलग.

३०/
आपल्या कथेचा रक्तपात झालेला पाहून डंकन हादरल्या आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितले. मुलीच्या हत्येनंतर तरुणांसाठी रहस्यकथा लिहिणे त्यांना जड गेले होते. तिच्या मारेकऱ्याचा माग काढण्यात त्यांनी पुढचे आयुष्य घालवले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही प्रकरण उलगडलेले नव्हते. ‘ब्लॅक ख्रिसमस’मधले क्लेअरचे वडील इथे प्रत्यक्ष आयुष्यात उभे आहेत. स्लॅशर चित्रपट पाहताना त्यांची आठवण ठेवली, तर करमणूक आणि बेपर्वाई यांच्यातली रेघ कुठे आहे ते कळते.

३१/
एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला आणि ही चर्चा राष्ट्रीय झाली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने सप्टेंबर २००० च्या अहवालात हिंसेमुळे ‘आर’ श्रेणी मिळालेले ४४ चित्रपट तपासले. त्यांपैकी ३५ चित्रपटांची जाहिरात १७ वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेली आढळली. हे चित्रपट केवळ भयपट नव्हते. पण ज्यांना दारावर अडवायचे त्यांनाच मागच्या दाराने बोलवायचे, हा १९८० पासूनचा व्यवहार प्रथमच सरकारी कागदावर आकड्यांत उतरला.

३२/
२०१८ मध्ये ‘हॅलोवीन’ची कथा चाळीस वर्षांनी पुढे नेणारा चित्रपट आला. जेमी ली कर्टिसची लॉरी आता आजी आहे. घराला कुलुपांवर कुलुपे, मुलीशी दुरावा, त्या एका रात्रीने करपलेले आयुष्य. जगभर पंचवीस कोटी डॉलरहून अधिक कमाई झाली. तो निर्दोष नाही, त्यातही मरणारे भराभर मरतात. पण वाचलेल्या माणसाच्या वाट्याला पुढे काय येते, हा प्रश्न तो विचारतो. प्रेक्षकांनी मात्र तो प्रश्न सहज स्वीकारला.

३३/
मग निवाडा काय? या चित्रपटांनी हिंसा निर्माण केली, असे म्हणणे सोपे आहे आणि इतिहास त्याला पुरेसा आधार देत नाही. ‘हे तर फक्त मनोरंजन’ म्हणणेही तितकेच सोपे. तरुणांना गाठणारे भय अनेकदा घराच्या आतून येते, आणि ते सांगणाऱ्या मुलीवर विश्वास ठेवायला हवा, हे या चित्रपटांनी अत्यल्प पैशांत, मोठ्या प्रवाहाच्या आधी दाखवले. जिथे ते फसले, तिथे कारण रक्ताचे प्रमाण हे नव्हते. मेलेल्या मुलाला नाव, मैत्री, वाट पाहणारे घर द्यायचा त्यांनी कंटाळा केला.

३४/
नव्याने पाहू इच्छिणाऱ्या प्रौढ वाचकांसाठी क्रम: ‘ब्लॅक ख्रिसमस’ (१९७४), ‘हॅलोवीन’ (१९७८), ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४), ‘स्क्रीम’ (१९९६). पाहताना प्रत्येक खुनानंतर एक गोष्ट तपासावी: त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव पुढच्या प्रसंगात कुणी घेते का? ‘ब्लॅक ख्रिसमस’च्या शेवटी घर सामसूम होते, फोन वाजत राहतो आणि क्लेअर अजून माळ्यावर, खिडकीजवळ बसलेली असते.
(समाप्त)